संगणकाची चूक : दोष प्रोग्रामचा की यंत्राचा ?



"काँप्युटर बिघडला जी, उद्या या." हे उत्तर आता ऊस काट्यावर, शेतकी कचेरीत, इतकेच काय गावच्या सेवा सहकारी संस्थेतही ऐकावे लागते. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये देशातील ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली. दिघोरीसारख्या गावातील सभासदाचा ऊस काय नि पीककर्ज काय, नोंदी वहीतून पडद्यावर जात आहेत. तेव्हा बिघाड शोधतात कसा, याची थोडी माहिती आपणां सर्वांस असावी म्हणून हा मजकूर देत आहोत.

पडद्यावर उमटलेली चूक म्हणजे बिघाड नव्हे. अंगात ताप आहे म्हटल्याने दुखणे कळत नाही, तसेच हे. ठोकताळा असा की, तेच काम केले असता दर वेळी त्याच ठिकाणी तीच चूक येत असेल, तर संशय आधी प्रोग्रामवर किंवा भरलेल्या नोंदीवर घ्यावा. आज इथे, उद्या तिथे, सकाळी ठीक आणि दुपारी बंद असे होत असेल, तर झाकणाच्या आत पाहावे.

सगळ्यांत फसवा बिघाड एका लहानशा सेलचा. संगणकाच्या मुख्य पट्टीवर नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल असतो. वीज नसताना आतले घड्याळ त्याच्यावर चालते. सेल संपला, की वीज जाऊन आल्यावर तारीख कित्येक वर्षे मागे जाते. मग प्रोग्राम नोंद घेत नाही. सरकारी संकेतस्थळ उघडत नाही, कारण त्याच्या प्रमाणपत्राची मुदत या तारखेशी जुळत नाही. लोक प्रोग्रामला नि इंटरनेटला शिव्या घालतात, आणि दोष असतो थोडक्या पैशांच्या सेलचा ! पण नुकसान थोडके नाही. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, उशीर झाल्यास दरसाल १५ टक्के व्याज. पावतीवर तारीखच चुकीची पडली, तर १४ दिवस मोजायचे कुठून ?

आपल्याकडचा उन्हाळा आणि धानाचा कोंडा हेही यंत्राचे वैरीच. पंख्यात धूळ बसली की यंत्र तापते आणि स्वतःला वाचवण्यासाठी मध्येच बंद पडते. चालू केल्यावर साधारण तितक्याच वेळाने बंद पडत असेल, तर झाकण उघडून धूळ काढावी. मोटारपंप सुरू होण्याच्या वेळेलाच बंद पडत असेल, तर विजेचा दाब मोजावा. आतल्या १२ व्होल्टच्या तारेवर ११.४ ते १२.६ यांच्या बाहेर आकडा गेला, तर वीज पुरवणारा डबा बदललेला बरा. हे माप मात्र जाणकारानेच घ्यावे.

स्मृतीची पट्टी ढिली झाली वा खराब झाली तर चुका भटकत राहतात. वीज काढून पट्टी बाहेर घ्यावी, तिची सोनेरी टोके साध्या खोडरबराने हलकी पुसावीत, पुन्हा घट्ट बसवावी आणि रात्रभर तपासणीचा प्रोग्राम चालू ठेवावा. साठवणीची तबकडी टकटक वाजू लागली, तर मात्र तपासणी, दुरुस्ती काही नको. आधी नोंदींची नक्कल दुसरीकडे काढून घ्यावी. मरणाऱ्या तबकडीवर दुरुस्तीचा प्रोग्राम चालवला, की उरलेलेही जाण्याचा धोका.

एका वेळी एकच भाग बदलावा, तोही चांगला चालत असल्याची खात्री असलेला. चार भाग एकदम बदलले तर यंत्र सुरू होईल, पण दोषी कोण ते कळणार नाही. १९९४ साली अमेरिकेत थॉमस नाइसली या गणिताच्या प्राध्यापकाच्या हिशेबात फरक येऊ लागला. त्यांनी एकेक संशय महिनोन्महिने दूर केला, तेच गणित दुसऱ्या यंत्रांवर करून पाहिले आणि शेवटी दोष इंटेलच्या पेंटियम चिपच्या भागाकारातच निघाला. त्यापायी कंपनीला ४७.५ कोटी डॉलर खर्ची घालावे लागले.

आता आपल्या काट्याबद्दल. पुलाखाली भार मोजणारे सेल, त्यांच्या तारा जोडणारी पेटी, आकडा दाखवणारा दर्शक आणि मग संगणक, अशी ही साखळी आहे. दर्शकाचा आकडा स्थिर आणि पावतीवर वेगळा, तर दोष तारेत किंवा संगणकात. दर्शकाचाच आकडा नाचत असेल, तर संगणकाला बोल लावू नये. पेटीत ओल शिरली असेल, उंदराने तार कुरतडली असेल. रिकाम्या पुलावर शून्य येते का ते आधी पाहावे. येत नसेल तर पुलाखालचा चिखल पाहावा. मग एकच गाडी पुलाच्या दोन्ही टोकांना उभी करून वजन घ्यावे. फरक आला तर एखादा सेल गेला असे समजावे, तोल बंद ठेवून वैधमापन खात्याला कळवावे. सील तोडून आत हात कोणीही घालू नये.