तू तिथे गेलीसच कशाला?

परवा रविवारी दुपारी जेवणं आटोपली, भांडी आवरली आणि सुनेने टीव्हीवर जुने सिनेमे शोधता शोधता 'इन्साफ का तराजू' लावला. म्हटलं, अगं, हा तर मी कॉलेजात असताना पाहिलाय! १९८० साल. मी एफ.वाय.ला. आम्ही चौघी मैत्रिणी घरी "लायब्ररीत जातो" अशी थाप मारून मॅटिनीला गेलो होतो. बी. आर. चोप्रांचा सिनेमा, त्यात झीनत अमान आणि आपली पद्मिनी कोल्हापुरे. 'लिपस्टिक' या १९७६ सालच्या इंग्रजी सिनेमावर तो बेतलेला आहे, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं!

गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. भारती ही मॉडेल. ओळखीतला, पैसेवाला रमेश तिच्या घरी येऊन तिच्यावर बलात्कार करतो. लोक नको नको म्हणत असताना ती कोर्टात जाते. आणि तिथे आरोपीचे वकील म्हणून उभे राहतात आपले डॉ. श्रीराम लागू. आवाज न चढवता, अगदी सभ्य शब्दांत ते तिचे कपडे, तिचं काम, तिचं हसणं-बोलणं सगळं बाहेर काढतात. धाकट्या बहिणीलाही साक्षीत गोंधळवून टाकतात. भारती केस हरते.

उलटतपासणीच्या त्या सीनला सुनेने रिमोट दाबून सिनेमा थांबवला. "आई, असले प्रश्न विचारायची परवानगी तरी होती का हो?"

मला उत्तर देता येईना. भाची वकील आहे, तिला लगेच फोन लावला. ती म्हणाली, "मावशी, नुसती परवानगी नव्हे, कायद्यात तसं कलमच होतं! बाई एकूण 'चांगल्या चालीची' नाही असं दाखवून तिची साक्ष खोटी पाडायची मुभा पुराव्याच्या कायद्यात होती. ते कलम २००३ साली काढलं."

२००३! म्हणजे आम्ही मॅटिनी पाहिली त्यानंतर तेवीस वर्षांनी.

मग तिने मला त्याच काळातल्या एका खऱ्या खटल्याची आठवण करून दिली. तो आपल्या महाराष्ट्रातलाच. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, एका गरीब आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. भावाने दिलेल्या तक्रारीपायी तिला रात्री ठाण्यात बोलावलं होतं. आरोपी दोन पोलीस. सत्र न्यायालयाने त्यांना सोडलं, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि १९७८ साली सुप्रीम कोर्टाने पुन्हा सोडलं. कारण काय, तर अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिने विरोध केला नाही! रात्रीची वेळ, पोलीस ठाणं, दार बंद, समोर वर्दी. अशा वेळी कुठली मुलगी काय विरोध करणार?

१९७९ साली उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. घाबरून गप्प बसणं म्हणजे संमती नव्हे, हे त्यांनी ठणकावून सांगितलं. १९८०च्या मार्चमध्ये ठिकठिकाणी बायका रस्त्यावर उतरल्या. सिनेमात शेवटी भारतीच्या हातात बंदूक येते. देसाईगंजच्या त्या मुलीच्या हातात काहीच नव्हतं. ती हरली, पण तिच्या हरण्यातून १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतल्या अत्याचारात बाईने "माझी संमती नव्हती" असं सांगितलं, तर कोर्टाने तसंच धरून चालायचं. खटला बंद दाराआड चालवायचा. तिचं नाव छापायचं नाही. सिनेमातलं कोर्ट कसं बघ्यांनी गच्च भरलेलं होतं, आठवतं ना? म्हणूनच मीही इथे तिचं नाव लिहीत नाही.

दिल्लीच्या घटनेनंतर २०१३ साली तर कायद्यात स्पष्टच लिहिलं गेलं, की केवळ बाईने अंगाने प्रतिकार केला नाही म्हणून तिची संमती होती असं समजायचं नाही. २०२४पासून नवी न्याय संहिता आली, तिच्यातही हे कायम आहे.

"म्हणजे आता सगळं ठीक झालं म्हणायचं," मी म्हटलं. भाची हसली. "कागदावर, मावशी. तारखांवर तारखा पडतातच. आणि प्रश्न जात नाहीत गं, नुसते कपडे बदलून येतात. 'एवढ्या रात्री तिथे काय करत होतात?' हा अजूनही येतो. आणि कोर्टाच्या आधी तो घरात येतो."

फोन ठेवला आणि मी बराच वेळ गप्प बसून राहिले. कारण तो प्रश्न मीच विचारला होता.

त्या मॅटिनीला आलेल्या चौघींपैकी एक. नाव नाही सांगणार. वर्षभराने ती ओळखीच्या एका घरी नोट्स आणायला गेली. घरातली मोठी माणसं लग्नाला गेलेली, एकटा मुलगाच घरी. दोन दिवसांनी आमच्या माडीवर बसून तिने मला अर्धंमुर्धं सांगितलं. आणि मी, झीनत अमानसाठी थिएटरात रडलेली मी, तिला पहिलं वाक्य काय बोलले? "अगं, पण तू तिथे गेलीसच कशाला?"

ती तिथेच थांबली. पुढचं कधीच बोलली नाही. ना तक्रार, ना कुणाला काही सांगणं. सहा महिन्यांत तिचं लग्न लावून दिलं. नंतर आम्ही कुठल्याशा बारशाला, मुंजीला भेटत राहिलो. साड्यांबद्दल बोललो, मुलांच्या मार्कांबद्दल बोललो.

परवा रात्री धीर करून तिला फोन केला. म्हटलं, "तेव्हा मी चुकीचं बोलले गं. माझं चुकलं." पलीकडे बराच वेळ शांतता. मग ती म्हणाली, "मला वाटायचं, तू विसरलीस." आणि मग इतक्या वर्षांनी ती बोलली. तासभर. मी फक्त ऐकलं.

मैत्रिणींनो, कधी आपली लेक, भाची, कामाच्या मावशींची मुलगी असं काही सांगायला आली, तर काय करायचं ते आधीच ठाऊक असू द्या. आधी तिला दवाखान्यात न्या. सरकारी असो वा खासगी, तिथे मोफत उपचार करावेच लागतात. तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, "आमची हद्द नाही" हे उत्तर चालत नाही. जबाब महिला अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे बाईला, तिची मिळकत कितीही असो, मोफत वकील मिळतो. महाराष्ट्रात २०१३पासून 'मनोधैर्य' योजनाही आहे.

पण हे सगळं नंतर. सगळ्यात आधी तिला एवढंच म्हणा, "बरं झालं सांगितलंस." आणि तो एक प्रश्न मात्र विचारू नका. त्याची उलटतपासणी ती मनातल्या मनात आधीच हजारदा देऊन आलेली असते.