फिरण्याचा नेम टिकतो कशाने?

दिवाळीच्या पाडव्यास किंवा जानेवारीच्या पहिल्या तारखेस रोज फिरावयास जाण्याचा नेम धरावा, त्याकरिता कॅनव्हासचे नवे बूट आणावेत, घड्याळाचा गजर पाचाला लावावा, आणि होळी येण्याच्या आतच ते बूट माळ्यावर जाऊन बसावेत, हा प्रकार शहरांतील सुशिक्षित कुटुंबांना अपरिचित नाही. नेम मोडला म्हणजे माणूस स्वतःच्या आळसाला दोष देऊन मोकळा होतो. वास्तविक पुष्कळदा दोष असतो तो नेमाच्या बांधणीत. फिरणे हे काढ्याचा घोट म्हणून पत्करले, तर प्रकृतीस किंचित आराम पडताच ते सुटते. त्यात रोजची काही करमणूक मिसळली, तर ते सोडावेसे वाटत नाही.

चालण्याने प्रकृती सुधारते, ही समजूत जुनी असली तरी तिला आकड्यांचा आधार मिळाला तो बराच उशिरा. जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसवरील नोकरांची पाहणी करून १९५३ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा, दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होत असल्याचे त्यांना आढळले. पुढे १९५६ साली त्यांनीच गणवेशांची मापे तपासली, तेव्हा ड्रायव्हर मंडळी कमरेने आधीपासूनच रुंद असल्याचे दिसून आले! म्हणजे सारेच श्रेय जिन्याला देता येईना. तथापि नंतरच्या अनेक पाहण्यांनी मूळ निष्कर्षास पुष्टीच दिली.

किती चालावे, याविषयी मात्र एक मोठा गैरसमज रूढ झाला आहे. दहा हजार पावले झाल्याखेरीज फिरणे व्यर्थ, असे मानून कित्येक जण आरंभीच हाय खातात. हा आकडा काही वैद्यकशास्त्राने सांगितलेला नव्हे. जपानात १९६५ साली पावले मोजण्याचे एक यंत्र विक्रीस आले. त्याचे नाव 'मान्पो-केई', म्हणजे 'दहा हजार पावलांचे मापक'. त्या नावाचीच पुढे आज्ञा झाली. अमेरिकेतील सोळा हजारांहून अधिक वृद्ध स्त्रियांच्या पाहणीचा निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाला. दिवसाकाठी सुमारे २,७०० पावले चालणाऱ्या स्त्रियांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले, आणि सुमारे ७,५०० पावलांपुढे अधिक लाभ दिसून आला नाही. अशा पाहणीवरून कार्यकारणभाव पक्का ठरत नाही, हे खरे. पण थोडे चालणेही फुकट जात नाही एवढे तीवरून म्हणता येते.

आपल्याकडील शतपावली तर याहूनही लहान मापाची. जेवणानंतर रक्तातील साखर वाढू लागते. चालताना पायांचे मोठे स्नायू ती इंधन म्हणून ओढून घेतात, आणि तिचा चढ सौम्य होतो. दोन-पाच मिनिटांच्या सावकाश चालण्यानेही हा परिणाम घडतो, असे अलीकडील प्रयोगांत आढळले आहे. आजीच्या सांगण्यात तथ्य होते ते असे.

आता प्रश्न उरतो तो नेम अंगवळणी पडण्याचा. एकवीस दिवसांत कोणतीही सवय जडते, असे जे ऐकू येते त्यावर फारशी भिस्त ठेवू नये. लंडन येथील एका विद्यापीठात ९६ व्यक्तींवर प्रयोग झाला व २०१० साली त्याचे फलित छापून आले. सवय लागण्यास सर्वसाधारणपणे ६६ दिवस लागले. कोणास अवघे १८ पुरले, तर कोणास २५४ लागतील असा हिशेब निघाला. याच प्रयोगात आढळलेली दुसरी गोष्ट अधिक दिलासा देणारी आहे. मध्ये एखादा दिवस चुकला, तरी सवय जडण्याच्या क्रमात म्हणण्यासारखा खंड पडला नाही. पुष्कळांचा नेम मोडतो तो चुकलेल्या दिवसाने नव्हे. 'आता मोडलाच' या दुसऱ्या दिवशीच्या विचाराने तो मोडतो.

ठरलेली वेळ या कामी फार उपयोगी पडते. जर्मन तत्त्ववेत्ता कान्ट दुपारी फिरावयास निघाला की क्योनिग्जबर्गचे लोक घड्याळे लावून घेत, आणि रूसोचा 'एमिल' हा ग्रंथ वाचण्याच्या नादात त्याचा हा क्रम चुकला, अशी आख्यायिका आहे. तोंड मिटून नाकाने श्वास घेता यावा म्हणून तो एकट्यानेच फिरणे पसंत करी. दादरच्या शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरील मंडळींना हा पंथ मानवणार नाही! तेथील मैदानाची प्रदक्षिणा सुमारे सव्वा किलोमीटरची. तीत पाय जेवढे चालतात तेवढीच तोंडेही. आणि ते योग्यच आहे. काल अर्धवट राहिलेला वाद पुरा करावयाचा असतो, म्हणूनच कित्येकांचे पाय आज घराबाहेर पडतात.

ज्यांना सोबत नाही, त्यांच्यासाठी झाडे आहेत. एकाच रस्त्याने रोज जाण्यात कंटाळा येतो असे म्हणतात, परंतु झाडे ओळखू लागलेल्या माणसास तो रस्ता दर पंधरवड्यास निराळा दिसतो. फेब्रुवारीत काटेसावर पाने टाकून लाल फुलांनी भरते. पांगाऱ्याचीही तीच तऱ्हा. चैत्र-वैशाखात बहाव्याचे पिवळे घोस लोंबू लागतात, ताम्हणावर जांभळा रंग चढतो, आणि मागोमाग मूळच्या मादागास्करचा, पण आता घरचाच झालेला, गुलमोहर पेटतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी 'टुक् टुक्' असा ठोका देणारा तांबट आधी ऐकू येतो. पिंपळाच्या शेंड्यावर तो नजरेस पडावयास चार दिवस लागतात, आणि त्या चार दिवसांचे फिरणे आपोआप घडते. कावळ्याच्या घरट्यात अंडे घालण्यासाठी कोकिळेने मांडलेली लपंडाव तर मुंबई-पुण्याच्या भर वस्तीत पाहावयास मिळते. सलीम अली यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक १९४१ साली निघाल्यापासून या छंदास फार मोठ्या खर्चाची गरज उरलेली नाही. मुलांना बरोबर घेतले तर प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी घरी आल्यावर पुस्तक उघडणे भागच पडते.

नेमाची खरी कसोटी मृगात लागते. पावसाच्या चार महिन्यांत सुटलेले फिरणे दसऱ्यालाही पुन्हा सुरू होत नाही. यावर उपाय एकच: वेळ सोडू नये, वाटल्यास वाट सोडावी. त्याच वेळी घराची ओसरी, चाळीची गॅलरी किंवा इमारतीचा जिना गाठावा. जिना चढताना छातीत दडपण वाटू लागल्यास मात्र तेथेच थांबून डॉक्टरकडे जावे. तेथे नेमाचा अभिमान कामाचा नाही.

याहून कठीण कसोटी वार्धक्याची. कट्ट्यावरचा एक सोबती पडतो, दुसरा मुलाकडे परगावी जातो, आणि ज्याचा नेम केवळ गप्पांवर उभा होता त्याचे पाऊल उंबऱ्याशीच अडते. अशा वेळी ओळखीची झाडे असली तर ती सोबत करतात. अंतर पूर्वीइतके होत नाही म्हणून लाजण्याचेही कारण नसते. चार्ल्स डार्विन १८४२ पासून अखेरपर्यंत इंग्लंडमधील डाउन या गावी राहिला. घराजवळच्या झाडीतून त्याने एक वाट करून घेतली होती, आणि तीवरून तो पॉली नावाच्या कुत्रीस घेऊन रोज फेऱ्या घाली. मोजणीसाठी वाटेच्या कडेला गारगोट्यांची रास असे. प्रत्येक फेरीस तो त्यांतील एक पायाने वाटेवर उडवी. त्याच्या मुलाने लिहून ठेवले आहे की, अखेरच्या वर्षांत फेऱ्यांचा ठरीव आकडा त्याने सोडून दिला होता. अंगात जेवढी शक्ती असेल तेवढ्या फेऱ्या तो घाली, आणि घरी परते.