कठीण इंग्रजी शब्द आणि एका इराणी तरुणाचा धडा

"कठीण इंग्रजी शब्द पाठ कसे करावे?" हा प्रश्न घेऊन दर जून महिन्यांत कोणी ना कोणी पालक माझ्या ओटीवर येतात. मुलगा दहावीला गेलेला असतो. साधें इंग्रजी त्याला समजतें. परंतु वर्तमानपत्रांतला अग्रलेख पुढें ठेवला कीं तिसऱ्या ओळीला त्याची गाडी अडते. पालकांच्या हातांत बहुधा हजार-दोन हजार शब्दांची यादी असलेलें एखादें पुस्तक असतें. मी तें बाजूला ठेवावयास सांगतों. कां सांगतों, तेंच आज आपणांपुढें मांडावयाचें आहे. हें शहाणपण मात्र माझें नव्हे. तें मला एका फारसी बोलणाऱ्या तरुणानें शिकविलें.

गोष्ट १९७८ सालची. मॅट्रिक होऊन मी दापोलीहून मुंबईस गेलों होतों आणि नोकरीच्या खटपटींत होतों. इराणांतील यज्द आणि केरमान या भागांतून आलेल्या लोकांनीं मुंबईंत जीं हॉटेलें थाटलीं, त्यांपैकीं एकांत मी सकाळचा चहा घेत असें. मालकाचा भाचा नुकताच यज्दहून आला होता. त्याला मीं इंग्रजी शिकवावें आणि मोबदल्यांत चहा व ब्रून-मस्का घ्यावा, असा आमचा करार ठरला.

पहिले कांहीं दिवस फार सुखाचे गेले. फादर, मदर, ब्रदर, डॉटर हे शब्द त्याला शिकवावेच लागले नाहींत. कारण त्याच्या भाषेंत ते पिदर, मादर, बिरादर आणि दोख्तर असे होतेच. आपल्याकडे संस्कृतांतून आलेले पितृ, मातृ, भ्रातृ, दुहितृ हे त्यांचेच भाऊबंद. संस्कृत, ग्रीक, लॅटिन आणि जुनी फारसी हीं एकाच घराण्यांतलीं असावींत, असें सर विल्यम जोन्स यांनीं कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटींत १७८६ सालीं सांगितलें, तें यामुळेंच.

पण आम्ही वर्तमानपत्र हातीं घेतलें आणि सुख संपलें. ओळीओळीला ठेंच लागूं लागली. मीं उपाय काढला: रोज तीस शब्दांची यादी, डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. आठवड्याअखेर त्या दोनशे शब्दांपैकीं पांचपन्नासहि त्याच्या ध्यानांत उरत ना. एके दिवशीं त्यानें वही माझ्याकडे सरकविली आणि मोडक्या हिंदींत विचारलें, "मास्टरजी, या शब्दांना आईबाप नाहींत का?"

मला प्रश्न कळला नाहीं. तेव्हां त्यानें समजावून सांगितलें. फारसींत विद्वान मनुष्य बोलूं लागला कीं अरबी शब्द येतात. शाळकरी मुलाला ते कठीणच वाटतात. परंतु 'इल्म' म्हणजे ज्ञान एवढें ठाऊक झालें, कीं आलिम म्हणजे ज्ञानी, मालूम म्हणजे ज्ञात, तालीम म्हणजे शिक्षण, मुअल्लिम म्हणजे शिक्षक, हे सारे शब्द त्याच एका दारांतून आंत येतात. "इंग्रजींत असें दार कोठें आहे?" असा त्याचा साधा प्रश्न होता, आणि त्या दिवशीं मजपाशीं उत्तर नव्हतें.

श्रोतेहो, हा प्रकार आपल्याला परका नाहीं. हुकूम, हाकीम, हकीम, हुकमत हे शब्द आपण रोज वापरतों, आणि ते चारहि एकाच अरबी धातूचीं लेंकरें आहेत. जमा, जमात, जुम्मा यांचेंहि तसेंच. लोक एकत्र जमण्याचा वार तो जुम्मा. दरबारच्या फारसीबरोबर हे शब्द आपल्या घरांत आले. ते इतके आले, कीं राज्यकारभारांतील यावनी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा 'राज्यव्यवहारकोश' शिवछत्रपतींना करवून घ्यावा लागला. पुढें मोल्सवर्थनें आपला मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं आणि त्याची सुधारून वाढविलेली आवृत्ति १८५७ सालीं काढली. त्यांत अमुक शब्द संस्कृत, अमुक फारसी, अमुक अरबी, असें तो खुणेनें दाखवितो. शब्दाचें कुळ विचारण्याची ही संवय कोशकारांना होती. ती आम्हां मास्तरांना नव्हती.

इंग्रजी भाषेचें घरहि असेंच दुमजली आहे. तळमजल्यावर खाणें-पिणें, नातींगोतीं, शेतीभाती यांचे जुने घरगुती शब्द आहेत. १०६६ सालीं फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतांतून आलेल्या विल्यमनें इंग्लंड जिंकलें, आणि राजदरबार, न्यायालय, फौज यांत फ्रेंच शब्द शिरले. नंतर विद्येच्या पुनरुज्जीवनाच्या काळांत पंडितांनीं लॅटिन आणि ग्रीक शब्दांची भर घातली. हा झाला माडीवरचा मजला. अग्रलेख वाचणारा विद्यार्थी अडतो तो या माडीवर. फारसीला जी माडी अरबीची, मराठीला जी संस्कृताची, तीच इंग्रजीला लॅटिनची. जिना सांपडला कीं चढणें अवघड नाहीं.

जिना कोणता, तें एका उदाहरणानें पाहूं. संस्कृतांत 'दिश्' म्हणजे दाखविणें, सांगणें असा धातु आहे. त्याला उपसर्ग लागले कीं आदेश, उपदेश, निर्देश, संदेश, उद्देश असे शब्द होतात. मराठी मुलाला हे पांच शब्द कोणी यादी करून शिकवीत नाहीं. आतां लॅटिनमध्यें याच धातूचा सख्खा भाऊ आहे. त्याचें इंग्रजींतलें रूप 'डिक्ट'. अर्थ सांगणें, बोलणें. 'प्रे' म्हणजे आधीं; म्हणून प्रेडिक्ट म्हणजे घडण्याआधीं सांगणें, भाकीत करणें. 'काँट्रा' म्हणजे विरुद्ध. काँट्रॅडिक्ट म्हणजे प्रतिवाद करणें. 'व्हर' म्हणजे खरें. व्हर्डिक्ट म्हणजे खरें तें सांगणें, अर्थात् पंचांचा निर्णय. डिक्टेट म्हणजे सांगून लिहवून घेणें, आणि डिक्शनरी म्हणजे बोलण्यांतल्या शब्दांचा संग्रह. एक धातु ओळखीचा झाला आणि पांच पाहुणे घरचे झाले. ज्याला संधि आणि समास सोडवितां येतो, त्याला ही विद्या नवी नाहीं. तिचा उपयोग येथेंहि करतां येतो, एवढेंच त्याला कोणी सांगितलेलें नसतें. आमच्या दापोलींत शालेय शिक्षण झालेले महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनीं धर्मशास्त्राचा प्रचंड इतिहास इंग्रजींत लिहिला. १९३० ते १९६२ या काळांत त्याचे पांच खंड निघाले. संस्कृताच्या व्यासंगानें त्यांच्या इंग्रजीची वाट अडविली नाहीं, हें सर्वांसमोर आहे.

मात्र दोन धोके सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. पहिला असा कीं, मूळ अर्थ हा शब्दाचा जन्म दाखवितो, त्याचें आजचें वय दाखवीत नाहीं. 'तालीम' म्हणजे शिक्षण खरें. पण मराठींत तालमींत जाणारा मनुष्य दंड-बैठका काढतो. इंग्रजींत 'मॅन्युफॅक्चर' म्हणजे मुळांत हातानें करणें. आज तोच शब्द यंत्रानें केलेल्या मालाला लागतो. म्हणून धातूवरून अर्थाचा तर्क करावा आणि कोश उघडून तो ताडून पाहावा.

दुसरा धोका पायरीचा. विचारणें, पृच्छा करणें, चौकशी करणें आणि उलटतपासणी घेणें यांचा अर्थ जवळजवळचा असला, तरी घरीं आलेल्या पाहुण्याची आपण उलटतपासणी घेत नाहीं. इंग्रजींत आस्क, क्वेश्चन आणि इंटरॉगेट यांची अशीच चढती भाजणी आहे. माझ्या एका विद्यार्थ्यानें मामाला लिहिलेल्या पत्रांत आजीच्या प्रकृतीची विचारपूस केल्याचें कळविलें होतें, पण शब्द योजला होता 'इंटरॉगेट'! यादींत त्याचा अर्थ 'विचारणें' एवढाच दिलेला होता. दोष मुलाचा नव्हता, यादीचा होता.

येथें मला एक कबुली द्यावयाची आहे. पुढें मी शिक्षक झालों आणि इराणी तरुणाचा धडा साफ विसरलों. दर शनिवारीं वीस शब्दांची परीक्षा, आणि दहांहून कमी आले कीं उभें राहणें, असा माझा वर्गाचा शिरस्ता होता. हर्णै बंदराकडच्या एका कोळ्याच्या मुलाला मीं असें कित्येक शनिवार उभें केलें. पावसाळ्याच्या सुटीनंतर तो परत आला नाहीं. कांहीं वर्षांनीं तो मला बंदरावर भेटला. उधाण केव्हां, भांग केव्हां, मतलई वारा कोणत्या प्रहरीं सुटतो, कोणतें जाळें कोणत्या मासळीला, हें तो मला हंसतमुखानें सांगत होता. शेंकडों शब्द त्याच्या जिभेवर होते, आणि त्यांतला एकहि त्यानें यादींतून पाठ केलेला नव्हता. प्रत्येक शब्द कशाला तरी बांधलेला होता. मीं दिलेले वीस शब्द मात्र कशालाच बांधलेले नव्हते; ते वाहून गेले, यांत नवल तें काय? त्या मुलाला बुद्धि नव्हती असें मीं ठरविलें होतें. खरें पाहतां, मलाच शिकवितां येत नव्हतें.

तेव्हांपासून माझ्या ओटीवर जी रीत चालते, ती थोडक्यांत सांगतों. शब्द यादींतून घेऊं नये. जें वाचतां त्यांतून घ्यावा, आणि दिवसाला पांचांहून अधिक घेऊं नये. तो फोडून पाहावा: धातु कोणता, उपसर्ग कोणता? त्याच कुळांतले आणखी दोन-तीन शब्द शेजारीं लिहावे. मग आपल्या घरांतल्या, गल्लींतल्या गोष्टीविषयीं त्या शब्दाचें एक वाक्य करावें. तें वाक्य कोणाला तरी वाचून दाखवावें, म्हणजे शब्दाची पायरी चुकली असल्यास तेथेंच कळतें. शेवटचें, दुसऱ्या दिवशीं, आठवड्यानें आणि महिन्यानें वही झांकून शब्द आठवून पाहावा. हर्मान एबिंगहाउस या जर्मन पंडितानें स्वतःवर प्रयोग करून १८८५ सालीं दाखविलें, कीं पाठ केलेल्या गोष्टीचा मोठा भाग पहिल्या कांहीं तासांतच गळून जातो, आणि पुढें गळती मंदावते. म्हणून उजळणी लवकर हवी, आणि मग अंतर वाढवीत जावें. या रीतीनें वेळ अधिक लागतो हें खरें. पण आलेला शब्द परत जात नाहीं.

त्या इराणी मित्राला त्याच्या प्रश्नाचें उत्तर मीं कधीं देऊं शकलों नाहीं. दोन महिन्यांनीं मला गांवीं परतावें लागलें आणि आमची गांठ पुन्हां पडली नाहीं. "या शब्दांना आईबाप आहेत," एवढेंच मला त्याला सांगावयाचें होतें. तें आज आपणांस सांगितलें.

आतां आपली रजा घेतों. जातां जातां घरच्या मुलांना एक काम देऊन ठेवतों. 'रजा' हा शब्दहि त्याच वाटेनें अरबींतून आपल्याकडे आला आहे, आणि त्याचा मूळ अर्थ आहे संमति. त्याच्या कुळांतले मराठींत रुळलेले आणखी तीन शब्द आज रात्रीं जेवणाच्या वेळीं शोधून काढा. राजी, नाराज आणि राजीनामा हे ज्याला सुचतील, त्याला इंग्रजीच्या माडीचा जिना सांपडला असें खुशाल समजा.