लॅपटॉप : हलका घ्यावा की ताकदवान?
भिलाई-३ मधून अनेक मुले-मुली रोज गाडीने रायपूरला कॉलेजला जातात. त्यांच्यासाठी लॅपटॉप घेताना आईवडील किंमत पाहतात, वजन विसरतात. हलका लॅपटॉप साधारण सव्वा किलोचा, ताकदवान अडीच किलोपर्यंत. शिवाय त्याचा चार्जरही जड. ओझे नको म्हणून तो घरीच राहिला, तर पैसे वायाच.

वाणिज्य, कला शाखेसाठी हलका पुरेसा. मात्र इंजिनिअरिंगचे त्रिमितीय आराखडे, व्हिडिओ एडिटिंग अशा कामांना वेगळे ग्राफिक्स कार्ड उपयोगी. पातळ लॅपटॉप तापून मंदावतो. पण आधी चौकशी करा, अशा कामासाठी कॉलेजच्या लॅबमध्ये कॉम्प्युटर मिळतो का? मिळत असेल, तर हलकाच घ्या. बऱ्याच हलक्या लॅपटॉपमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही, म्हणून सुरुवातीलाच १६ जीबीचा निवडा.