‘यात चारशे गेम आहेत!’

भाऊबीजेच्या आधीच्या आठवड्यात वहिनींचा दुकानातून फोन आला. “भावजी, दोन ठेवलेत समोर. एक साडेसातशेचा, त्यात चारशे गेम आहेत. दुसरा वीस हजारांच्या घरातला, आणि त्यात एकही गेम नाही म्हणतोय. मग तो महागाचा लोक घेतात तरी कशाला?”

प्रश्न रास्त होता. हातात धरून खेळायचा कन्सोल घ्यायला निघालेले आईवडील, मामा, आत्या, सगळेच मला हाच प्रश्न विचारतात. दिवाळीत विचारतात, नाताळच्या सुट्टीत विचारतात, मे महिन्यात विचारतात. दुकानदाराने आकडा सांगितला की तो डोक्यात घट्ट बसतो: चारशे, पाचशे, आता तर दहा हजार. जितके गेम जास्त, तितकी भेट मोठी. हा समज इतका खोलवर रुजलाय की तो नीट उपटूनच काढायला हवा, कारण त्याची किंमत शेवटी ते मूल मोजतं.

हा आकडा आपल्याकडे आजचा नाही. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम घरोघरी आले, तेव्हा त्यांच्या कॅसेटवर ‘९९९९९९ इन १’ असं छापलेलं असायचं. ज्यांनी ती यादी पानांमागून पानं उलटून पाहिली, त्यांना आठवत असेल. पहिले काही गेम वेगळे, आणि मग तेच गेम पुन्हा पुन्हा. एका ठिकाणी मारिओ पहिल्या पातळीपासून, दुसरीकडे तोच तिसऱ्यापासून, आणखी कुठे त्यालाच जास्त जीव दिलेले. नाव थोडं बदललेलं, गेम तोच. त्याच काळातला हातातला ‘ब्रिक गेम’ही ‘९९९९ इन १’ म्हणवून घ्यायचा. त्यातही मोजके खेळ आणि त्यांचे वेग व पातळ्या बदलून केलेले प्रकार असायचे. गेमच्या नावाखाली पर्याय मोजायची ही सवय तेव्हापासूनची आहे.

आजच्या साडेसातशेच्या डब्यात काय असतं, ते पाहू. बहुतेकांत निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या ‘फॅमिकॉम’ची नक्कल करणारी एक चिप असते, आणि तिच्या जोडीला त्याच काळातले गेम भरलेली मेमरी. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा १९८५ सालचा गेम अवघ्या ४० किलोबाइटचा आहे. असे चारशे गेम धरले, तरी हिशेब १६ मेगाबाइटवर थांबतो. आपल्या फोनमधले चार-पाच फोटो एवढी जागा खातात. उलट निन्टेन्डोच्या ‘स्विच’ या कन्सोलवरचा ‘झेल्डा: टिअर्स ऑफ द किंगडम’ हा २०२३ चा एकच गेम सुमारे १६ गिगाबाइटचा आहे, म्हणजे त्या चारशे गेमच्या हजारपट. आकार मोठा म्हणून गेम चांगला, असं मी म्हणत नाही. पण ‘चारशे’ आणि ‘एक’ हे आकडे समोरासमोर ठेवून तुलना होऊ शकत नाही, हे यावरून तरी पटावं.

जुने गेम वाईट, असंही मी म्हणत नाही. ‘मारिओ’ आणि ‘कॉन्ट्रा’ आजही हात धरून ठेवतात. अडचण त्या डब्याची आहे. अशा बहुतेक यंत्रांत गेम अर्धवट थांबवून उद्या तिथूनच सुरू करायची सोय नसते. कुठला गेम काय आहे, कसा खेळायचा, हे सांगणारा कागद नसतो. वयाची खूण नसते. आणि बहुतांश गेम ज्यांनी बनवले, त्यांची परवानगी घेतलेली नसते. यावर कोणी “एवढं काय त्यात” म्हटलं, तर इटलीकडे पाहावं. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या तुरीन शहरातल्या आर्थिक गुन्हे पोलिसांनी अशी सुमारे १२ हजार नकली यंत्रं जप्त केली. त्यांत ४ कोटी ७० लाखांहून जास्त बेकायदा गेम भरलेले होते, म्हणजे एका यंत्रामागे जवळजवळ चार हजार. ही यंत्रं सुरक्षिततेच्या तांत्रिक निकषांत बसत नव्हती, हेही पोलिसांनी सांगितलं. मुलाच्या उशाशी रात्रभर चार्ज होणारी वस्तू आहे ही. तिच्या बॅटरीचा विचार गेमच्या आकड्याआधी करायला हवा.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र वेगळंच आहे. ते मी माझ्या भाच्याच्या बाबतीत पाहिलं. त्याच्या आठव्या वाढदिवसाला मीच असा एक डबा नेला होता. त्याने पहिल्या दिवशी शंभरएक गेम उघडून पाहिले, प्रत्येकी दोन मिनिटं. एखादा जमेना झाला की पुढचा. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, “मामा, यातला खरा गेम कुठला?” गेममध्ये मजा असते ती अडण्यात, पुन्हा प्रयत्न करण्यात आणि एकदाचं जमण्यात. पुढचे तीनशे नव्व्याण्णव गेम बोटाच्या अंतरावर असले, तर आठ वर्षांचं मूल अडून कशाला बसेल? त्याचा त्यात काहीच दोष नाही.

एका गेमने काय होतं, याचा सर्वांत मोठा दाखला १९८९ सालचा आहे. निन्टेन्डोचा ‘गेम बॉय’ त्या वर्षी आला. अमेरिकेत त्याच्या खोक्यात एकच गेम देण्यात आला: ‘टेट्रिस’, मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी १९८४ मध्ये बनवलेला. खरं तर मारिओ हे निन्टेन्डोचं घरचं पात्र होतं. पण गेमचे प्रकाशक हेन्क रॉजर्स यांनी कंपनीच्या अमेरिकेतल्या शाखेचे प्रमुख मिनोरू अराकावा यांना पटवलं की मारिओ दिलात तर यंत्र लहान मुलगे घेतील, टेट्रिस दिलात तर सगळे घेतील. आणि झालंही तसंच. आई, आजोबा, विमानातले प्रवासी, सगळे वरून पडणाऱ्या विटा रचत बसले. ‘गेम बॉय’ आणि त्याची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटी ८६ लाखांहून जास्त यंत्रं विकली गेली.

याच गोष्टीत दुसऱ्या एका गैरसमजाचंही उत्तर आहे: जास्त ताकदीचं यंत्र ते चांगलं. ‘गेम बॉय’चा पडदा हिरवट, त्यात मागून उजेडही नाही. सेगाच्या ‘गेम गिअर’ला झगझगीत रंगीत पडदा होता. पण त्याला सहा पेन्सिल सेल लागायचे आणि ते तीन ते पाच तासांत संपायचे, तर ‘गेम बॉय’ चार सेलवर दहा तासांच्या पुढे सहज जायचा. ‘गेम गिअर’ची विक्री एक कोटीच्या आसपास थांबली. ‘गेम बॉय’ घडवणारे गुनपेई योकोई यांचा आग्रहच होता की जुनं, स्वस्त झालेलं तंत्रज्ञान नव्या कल्पनेने वापरावं. आज कोणी तुम्हाला नुसते प्रोसेसरचे आकडे ऐकवायला लागलं, तर बॅटरी किती तास चालते, हे आधी विचारा.

तर मग स्विचसारख्या त्या महागाच्या, ‘रिकाम्या’ यंत्राचं काय? ते रिकामंच असतं. गेम वेगळा घ्यावा लागतो, आणि एक गेम साधारण साडेतीन-चार हजारांना पडतो. हा खर्च पहिल्या दिवसापासून हिशेबात धरला नाही, तर भेट उघडल्यावर मूल कोऱ्या पडद्याकडे पाहत बसेल. म्हणून माझा क्रम उलटा आहे. आधी कोण खेळणार ते ठरवा, मग गेम, आणि शेवटी यंत्र.

पाच-सहा वर्षांचं मूल असेल, तर ‘मारिओ कार्ट ८ डिलक्स’मध्ये गाडी रस्त्याबाहेर जाऊ न देणारी मदत चालू करता येते. ‘किर्बी अँड द फरगॉटन लँड’मध्ये सोपी पद्धत आहे, आणि दोघांना मिळून खेळता येतं. बहीणभाऊ एकत्र खेळणार असतील, तर साधा स्विच घ्या, ‘स्विच लाइट’ नको. साध्या स्विचच्या दोन बाजू निघतात आणि दोघांना एकेक मिळते. ‘लाइट’च्या निघत नाहीत, आणि तो टीव्हीलाही जोडता येत नाही. भाऊबीजेला दोघांत मिळून एक यंत्र देणाऱ्यांनी हे आवर्जून लक्षात घ्यावं, कारण दुकानात हा फरक क्वचितच सांगितला जातो. मूल मोठं असेल, कथेत रमणारं असेल, तर ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ बघा. दुर्गा आणि विष्णू यांच्या निवेदनातून उलगडणारी, भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची ही गोष्ट पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवली. ती २०२० च्या ऑगस्टमध्ये सर्वांत आधी स्विचवर आली. जे यंत्र बनवणारी कंपनी भारतात अधिकृतपणे विकत नाही, त्या यंत्रावर पुण्यातला गेम आधी पोहोचला, याचा मला फार अभिमान वाटतो. ‘मुलींना कुठे गेम आवडतात’ म्हणणाऱ्यांनीही तो घरातल्या मुलीच्या हातात देऊन पाहावा.

अधिकृत विक्री नाही, म्हणून अनेक जण परदेशातल्या नातेवाइकांना सांगतात, आणि इथे एक खरोखरचा खड्डा आहे. ‘सगळीकडचं यंत्र सारखंच’ हा समज स्विचच्या पुढच्या यंत्राच्या, म्हणजे स्विच २ च्या बाबतीत महागात पडतो. जपानमध्ये तो दोन प्रकारांत मिळतो. २०२५ मध्ये तो आला, तेव्हा पहिल्याची किंमत ४९,९८० येन होती, दुसऱ्याची ६९,९८० येन. स्वस्त पडतो म्हणून तिथे नोकरीला असलेला भाऊ पहिला घेऊन आला, तर तो फक्त जपानी भाषा दाखवेल आणि जपान देशाचं खातं असेल तरच चालेल. त्याला बहुभाषी प्रकारच आणायला सांगा. गेमची कार्डं मात्र कुठल्याही देशातून आणली तरी स्विचवर सहसा चालतात. पण ऑनलाइन गेम घ्यायचं अमेरिकेचं गिफ्ट कार्ड अमेरिकेच्या खात्यावरच चालतं. आणि ‘तिकडचा चार्जर इकडच्या विजेवर जळतो’ ही भीती इथे फोल आहे. अमेरिकेतल्या स्विचच्या अडॅप्टरवरच १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. फक्त पिन बदलणारं सॉकेट लागेल.

बाकीचे समज लहान आहेत. ‘प्लेस्टेशन पोर्टल’ हा हातातला प्लेस्टेशन नाही. त्याचं मूळ काम घरातल्या प्लेस्टेशन ५ वरचा गेम वाय-फायवरून दाखवणं हे आहे, तेव्हा घरात तो नसेल तर पोर्टल घेऊ नका. गेमच्या खोक्यावरचा ‘३’ हा वयाचा आकडा म्हणजे तीन वर्षांच्या मुलाला खेळता येईल, असं नाही. युरोपातली पेगी ही संस्था स्वतःच सांगते की ही खूण आशयाची आहे, गेम सोपा की अवघड याची नाही. जुनं मेमरी कार्ड स्विच २ मध्ये गेमसाठी चालत नाही, त्याला ‘मायक्रोएसडी एक्स्प्रेस’च लागतं.

आणि ‘छोट्या पडद्याने चष्मा लागतो’. तासन्‌तास डोळ्यांजवळ काहीही धरणं वाईटच, मग ते पुस्तक का असेना. पण चीनमधल्या ग्वांगझूत पहिलीच्या मुलांवर तीन वर्षं केलेला प्रयोग २०१५ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. ज्या शाळांनी रोज ४० मिनिटं जास्त मैदानावर घालवली, तिथे ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टी आली. इतर शाळांत ३९.५ टक्क्यांना. तेव्हा मुलाला कन्सोल द्या, आणि संध्याकाळी त्याला खाली खेळायलाही पाठवा. स्विचवर वेळेची मर्यादा घालणारं अॅप फुकट आहे. मुलाला सांगून, त्याच्याशी ठरवून ती घाला.

वहिनींनी शेवटी साधा स्विच आणि एकच गेम घेतला. त्यांना मी आणखी एक सांगितलं, ते इथेही सांगतो. खोकं भाऊबीजेच्या सकाळी पहिल्यांदा उघडू नका. पाडव्याच्या रात्री मुलं झोपल्यावर यंत्र पूर्ण चार्ज करा, वाय-फायला जोडून अपडेट उतरवून घ्या, खातं तयार करा. स्विच २ असेल, तर गेमच्या खोक्यावर ‘गेम-की कार्ड’ लिहिलंय का पाहा. तसं असेल, तर कार्डात पूर्ण गेम नसतो, तो इंटरनेटवरून उतरवावा लागतो. सुट्टीत कोकणात आजीकडे जाणार असाल आणि तिथे अंगणाच्या एका कोपऱ्यातच रेंज येत असेल, तर हे काम निघण्याआधी घरीच उरका.