मॅच संपायच्या आत पेपर निघाला!

मॅच रात्री दीडला संपते आणि पेपर मात्र आजऱ्यात उजाडायच्या आत हवा असतो. मग शेवटच्या दोन बॉलचं करायचं काय? पेपरच्या नाइट शिफ्टला छळणाऱ्या या जुन्या कोड्याविषयी...

२९ मे २०२३ची रात्र आठवतेय? आयपीएलची फायनल. खरं तर ती २८ तारखेच्या रविवारी व्हायची, पण पावसानं धुतली आणि सोमवारवर गेली. अहमदाबादला गुजरातनं २१४ रन्स ठोकल्या, त्यातल्या ९६ एकट्या साई सुदर्शनच्या. चेन्नईचे जेमतेम तीन बॉल झाले आणि पुन्हा पाऊस! मॅच परत सुरू झाली तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. १५ ओव्हर्समध्ये १७१चं टार्गेट. शेवटच्या दोन बॉलवर दहा हव्या होत्या. रवींद्र जडेजानं आधी सिक्स मारली, मग फोर. तोवर तारीख बदलून ३० मे उजाडली होती आणि दीड वाजून गेला होता.

तुम्ही-आम्ही उड्या मारल्या, मित्रांना मेसेज टाकले आणि झोपलो. पण जो पेपर बाराच्या ठोक्याला छपाईला जातो, त्याला त्या रात्री काय ठाऊक होतं? गुजरातच्या २१४ आणि अहमदाबादचा पाऊस. बस्स!

घड्याळ उलटं चालतं

आता जरा नकाशा काढा. कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, आंबोलीच्या अलीकडे आजरा लागतं. घनसाळ तांदळाचं आणि ‘मृत्युंजय’कार शिवाजी सावंतांचं गाव. कोल्हापूरहून अंतर साधारण ८०-८५ किलोमीटर. नेहमीचा रस्ता कागलवरून थेट कर्नाटकातल्या निपाणीत शिरतो आणि उत्तूरमार्गे पुन्हा महाराष्ट्रात येतो. पावसाळ्यात इथे आभाळ फाटतं आणि हिरण्यकेशी दुथडी भरून वाहते. अशा रस्त्यानं पहाटेच्या अंधारात पेपरचे गठ्ठे जायचे असतात.

एक साधा हिशेब मांडून बघू. अंक साडेपाचला स्टँडवर हवा. वाटेत गावोगावी गठ्ठे टाकत गाडीला तीन तास लागले, तर ती अडीचला निघायला हवी. त्याआधी छपाई, मोजणी, बांधणी यात दीड तास. त्याआधी प्लेट आणि मशीनची जुळवाजुळव. म्हणजे खेळाचं पान बाराच्या सुमारास ‘सोडायला’ हवं. शहरातल्या वाचकासाठी हेच पान आणखी तास-दोन तास उघडं ठेवता येतं, कारण त्याचा अंक सायकलवरूनही पोचतो.

म्हणून लांबच्या गावांचा अंक आधी छापायचा आणि शहराचा शेवटी, असा रिवाज. लांबच्या अंकाला ‘डाक आवृत्ती’ म्हणतात. थोडक्यात काय, नाव एकच, तारीख एकच, पण आजऱ्यातला पेपर आणि कोल्हापुरातला पेपर यांत एक-दोन तासांचं जग कमी-जास्त!

झिदानचं डोकं आणि बाराची डेडलाइन

कोल्हापूरकरांसाठी याचा खरा त्रास फुटबॉलचा. इथे तालमींच्या टीम्स आहेत, वर्ल्डकपला चौकाचौकांत ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लागतात. आजऱ्याशेजारचं गडहिंग्लजही फुटबॉलवेडंच. आणि फुटबॉलचा वर्ल्डकप बहुतेक वेळा आपल्या मध्यरात्रीच रंगात येतो.

९ जुलै २००६ची बर्लिनची फायनल घ्या. आपल्याकडे रात्री साडेअकराला सुरू. बाराच्या पानावर फार तर १-१ असा स्कोअर येऊ शकत होता. झिदाननं माटेराझीच्या छातीवर डोकं आपटलं ते ११०व्या मिनिटाला, आणि इटलीनं पेनल्टीवर कप उचलला तेव्हा आपल्याकडे दोन वाजून गेले होते. २०१४ला तर फायनलचा किकऑफच रात्री साडेबाराचा. गोट्झेचा गोल लांबच राहिला, डाक आवृत्तीला शिट्टीसुद्धा मिळाली नसती! ऑगस्ट २०२४मध्ये पॅरिसला नीरज चोप्राची भालाफेकीची फायनल सुरू झाली ती रात्री ११ वाजून ५५ मिनिटांनी. नीरजची ८९.४५ मीटरची रुपेरी फेक आणि अर्शद नदीमची ९२.९७ची सोनेरी फेक, दोन्ही बारानंतरच्या.

मग डेस्कवरचा उपसंपादक करतो काय? त्याच्या हाती तीन पत्ते असतात. पहिला सगळ्यात जुना : ‘वृत्त हाती आले तेव्हा...’ दुसरा म्हणजे कोणीही जिंकलं तरी खोटं न ठरणारं हेडिंग. सामना रंगतदार, चुरस शिगेला, वगैरे. तिसरा पत्ता अंदाजाचा, आणि तो भल्याभल्यांना महागात पडलाय. १९४८च्या अमेरिकन निवडणुकीत ‘शिकागो ट्रिब्यून’नं पान लवकर सोडायचं म्हणून ड्युई यांना विजयी करून टाकलं. जिंकले ट्रुमन, आणि तोच अंक हातात धरून हसणारा त्यांचा फोटो जगभर गाजला.

चौथा मार्गही आहे : गाडी थांबवायची. ऐकायला सोपा वाटतो. पण गाडी तासभर उशिरा निघाली, की सकाळच्या एसट्या निघून गेलेल्या असतात. नोकरदार, विद्यार्थी आपापल्या वाटेला लागलेले असतात. स्कोअर पूर्ण असतो, पण अंक विक्रेत्याच्या गठ्ठ्यात तसाच! शिळ्या पेपरला गिऱ्हाईक कुठून आणणार?

मोबाइलवर जे मिळत नाही...

‘पण आता स्कोअर मोबाइलवर कळतोच की!’ तुम्ही म्हणाल. अगदी बरोबर. १९८३ साली कपिलच्या टीमनं लॉर्ड्सवर कप जिंकला तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र होत आली होती. ज्याच्या घरी टीव्ही-रेडिओ नाही, त्याला खरोखर पेपरचीच वाट पाहावी लागायची. २०१९ला त्याच लॉर्ड्सवर, जवळपास त्याच वेळी इंग्लंड-न्यूझीलंडची सुपर ओव्हर संपली, आणि आजऱ्यातल्या पोरानं ती लंडनकराइतकीच लाइव्ह पाहिली असणार.

मग डाक आवृत्तीनं फायनलसाठी जीव टाकायचाच कशाला? खरा प्रश्न इथे आहे. मोठ्या मॅचसाठी डेस्क पानावर मोकळी जागा राखून ठेवतो. ती जागा येते कुठून? बहुतेकदा गावच्या खेळातूनच. जत्रेतलं कुस्तीचं मैदान, तालुक्याची कबड्डी, शाळेच्या पोरींची खो-खो. हे निकाल गावचा वार्ताहर पाठवतो, आणि त्याची डेडलाइन तर आणखी आधीची. पूर्वी एसटीच्या कंडक्टरकडे पाकीट द्यावं लागे, आता मोबाइलवरून जातं, तरी जागा भरली की बातमी उद्यावर आणि मग कायमची बाद.

जडेजाची फोर पाहायला शंभर स्क्रीन्स आहेत. पण आपल्या गावच्या पोरानं मैदानात कोणाला चीतपट केलं, हे नावासकट छापणारं दुसरं आहे कोण? ते कात्रण घडी घालून पाकिटात राहतं, पुण्या-मुंबईला नोकरी करणाऱ्या भावाला त्याचा फोटो जातो. तेव्हा अर्ध्या मॅचची फुल स्टोरी देण्यापेक्षा फायनलला दोन ओळी द्याव्यात, उरलेलं पान तालुक्याला द्यावं आणि गाडी वेळेत सोडावी. आजरेकराला हा सौदा नक्कीच परवडेल.

चौकट : नाइट शिफ्टची बोली

डाक : लांबच्या गावांसाठी आधी छापलेला अंक. टपालानं अंक जायचे त्या काळाची आठवण.

पान सोडणं : पान पूर्ण करून छपाईकडे देणं. यानंतर देव जरी सेंच्युरी मारून आला, तरी जागा नाही!

वृत्त हाती आले तेव्हा : म्हणजे ‘पुढचं तुम्हाला आमच्याआधी कळेल’.