दुखतंय, पण सांगणार कोण?

ससा पाळणाऱ्या कुणालाही विचारा, सगळ्यात धडकी भरवणारं दृश्य कोणतं? सकाळपर्यंत घरभर टणाटण उड्या मारणारा ससा मागचे दोन्ही पाय फरफटत चाललाय, हे! बहुतेक वेळा कारण साधं असतं. पाठीला आधार न देता कुणीतरी उचललं आणि त्याने लाथ झाडली. सशाच्या मागच्या पायांत ताकद जबरदस्त, पण हाडं एकदम हलकी. वजनाच्या जेमतेम ७-८ टक्के. (मांजराची १२-१३.) स्वतःच्याच झटक्याने तो कंबरेचा मणका मोडून घेतो.

डॉक्टर मग मागच्या पायाचं बोट जोरात दाबून बघतात. नुसता पाय आखडला तर खूश होऊ नका, ती प्रतिक्षिप्त क्रिया असते. ससा दचकायला हवा, वळून बघायला हवा. म्हणजे त्याला दुखलं, तर आपण सुटकेचा श्वास सोडायचा! मेंदूपर्यंत निरोप पोहोचतोय, तर ऑपरेशनला काही अर्थ.

पण भूल देणं हीच मोठी परीक्षा. सशाला उलटी होतच नाही, त्यामुळे कुत्र्यासारखं रात्रभर उपाशी ठेवायचं नाही. ठेवलं तर आतडीच मंदावतात. थेट मास्कने वायू दिला तर पठ्ठ्या श्वास रोखून धरतो, म्हणून आधी इंजेक्शनने गुंगी. घसा इतका अरुंद की श्वासनळीत ट्यूब घालताना अनुभवी हातांचाही कस लागतो. अंग भराभर गार पडतं, ते वेगळंच. ब्रिटनमधल्या २००८च्या एका मोठ्या अभ्यासात भुलीमुळे दगावण्याचं प्रमाण कुत्र्यांत ०.१७ टक्के होतं, सशांत १.३९.

आणि शुद्धीवर आल्यावर? ससा रडत नाही, गप्प बसतो. रानात कण्हणारा ससा आधी खाल्ला जातो ना! म्हणून २०१२मध्ये संशोधकांनी त्याचा चेहरा वाचायची पट्टीच तयार केली: मिटत चाललेले डोळे, चपटे गाल, नाकपुड्यांचा आकार, मिशा आणि कान. त्यावरून वेदना किती, याचा अंदाज बांधता येतो. ब्युप्रेनॉर्फिन, मेलॉक्सिकॅम अशी औषधं जोडीने दिली जातात. (घरातली पेनकिलर आपल्या मनाने अजिबात द्यायची नाही, प्लीज.) गंमत म्हणजे अफूच्या जातीच्या औषधांनी आतडी मंदावू शकतात, पण दुखणं तसंच ठेवलं तर ती पार थांबतात, आणि मग मणका जुळूनही ससा हातचा जातो.

म्हणून ऑपरेशननंतर सगळे पिंजऱ्यापाशी डोळे लावून बसतात. तो चालतो का, हे नंतर. आधी वाट बघायची ती लेंड्यांची.